साधं लाकूड

नाव हरिश्चंद्र ठेवलं म्हणून माणूस जकात भरतोच असं नाही. १९८४ साली बोटीवरची नोकरी संपवून परतताना मिरकरवाड्याच्या हरिश्चंद्राने ब्राझीलहून आणलेली गिटार कस्टमच्या कागदावर ‘जुनं वाद्य, साधं लाकूड’ अशी लिहवून घेतली. पुढे वीस वर्षं मात्र घरी येईल त्याला चहाच्या आधी तो तीच दाखवायचा.

“अस्सल ब्राझीलचं शिसव! आता तोडायला बंदी हाय. शोधून मिळायचं नाय!”

त्या शिसवाला हात लावायची त्याच्या लेकीलाही मुभा नव्हती. दिशा शिकली ती भिकाजी सुताराने करून दिलेल्या फणसाच्या गिटारीवर.

२००४ मध्ये दिशाला लिस्बनच्या महोत्सवात वाजवायचं बोलावणं आलं, तेव्हा हरिश्चंद्राने आपणहून गिटार भिंतीवरून उतरवून तिच्या हातात दिली. स्वतः तो बोटीच्या डेकवर चार खलाशांपुढे वाजवण्यापलीकडे कधी गेला नव्हता. निदान गिटार तरी स्टेजवर चढावी, एवढीच त्याची इच्छा होती.

पण महोत्सवाचं पत्र आलं. हे लाकूड बंदीच्या आधी घेतल्याचा दाखला हवा, नाहीतर विमानतळावर वाद्य जप्त होईल. बापलेक दाखल्यासाठी मुंबईच्या सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी पुरावा मागितला. हरिश्चंद्राजवळ कागद एकच, आणि त्यावर साधं लाकूड! साहेबांनी हात जोडले.

जिना उतरताना हरिश्चंद्र म्हणाला, “मग तिकडं तोच कागद दाखव गो. शिक्का सरकारी हाय. कोणाला कळतंय?”

“लाकूड ओळखणारी माणसं तिथे असतात, बाबा. पकडली तर गिटार कायमची गेली. आणि खोटं बोलून मला वाजवायचं नाही. मी फणसाची नेते.”

“फणसाची? लिस्बनात?”

“हो. तिच्यावर माझा हात बसलाय. तुम्ही बघाच.”

आपल्याच शहाणपणाची त्याला पहिल्यांदा लाज वाटली.

कार्यक्रमानंतर दिशाचा फोन आला. “बाबा, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते! नंतर जो भेटेल तो विचारतोय, हे लाकूड कुठलं?”

दुसऱ्या दिवशी अख्ख्या बंदराला कळलं की फणसासारखा आवाज युरोपात नाही. संध्याकाळी घरी आलेल्या पाहुण्याने भिंतीवरच्या गिटारीकडे बोट दाखवलं.

“आणि ती कसली हो?”

हरिश्चंद्राने आधी चहा पुढे केला.

“ती होय? साधं लाकूड.”