न दुखणारा पाय

माझं तोंड फटकळ आहे, हे दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण लाकडाच्या वखारीतल्या त्या ओंडके फोडणाऱ्या गड्यानं टेबलावर पाय पसरले आणि मी गप्पच झाले. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा होऊन पार आडवा वळला होता. त्या पायावर तो चालत आला होता.

"दुखतो?"

"छे! मुंग्या येतात, बस्स. हिनंच उगाच ओढत आणलं."

'ही' दाराशी भिंतीला टेकून उभी होती, एक हात बरगडीवर ठेवून.

मी त्याला डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवत गेले. टेकला की 'हो' म्हणायचं. तो ठेक्यात 'हो, हो' म्हणत राहिला. मी दोरा खिशात टाकला तरी त्याचं 'हो' चालूच. सिस्टरला हसू आवरेना. साखर तीनशे चाळीस, त्यात रोजची दारू. घोट्याखालच्या नसा मेल्यात जमा होत्या.

"अंगठा मोडलाय. कशावर आपटला?"

"दारावर."

"माझ्यावर," बायको म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता भराभर बोलत सुटली, "डॉक्टरबाई, आधी यांचा पाय दुखायचा. दोन लाथा घातल्या की स्वतःच कळवळून खाली बसायचे, मी सुटायचे. आता थांबतच नाहीत. पाय दुखेल असं काहीतरी औषध द्या ना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "साखर आटोक्यात आणू, दारू सोडवू, इंजेक्शनं देऊ. बधिरपणा वाढायचा थांबेल. पण गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही. याच्या पायाच्या भरवशावर जगू नकोस, बाई."

"घरातलं इथं येऊन ओकतेस?" तो टेबलावरून उतरला.

पहिली लाथ बायकोच्या पोटात बसली. ती वजनकाट्यावर जाऊन आदळली. दुसरी बरगड्यांवर, आणि काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरी. चौथी. त्याच्याच अंगठ्याचं हाड कातडं फाडून बाहेर आलं, लादीभर रक्त झालं, आणि त्या गड्याला पत्ताच नाही! सिस्टरनं मागून त्याचे केस धरले. मी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला आणि होता नव्हता तो जोर लावून त्याच्या गुडघ्यावर हाणला. तिथल्या नसा शाबूत होत्या. तो किंचाळून कोसळला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दोघींनी त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर ओढून घेतलं, हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला करकचून बांधले आणि पोलिसांना फोन केला.

पोलीस आला, वही उघडून बसला. आम्ही पाहिलं ते सांगितलंच. पण बायकोनं नाकारलं, तर हा मलमपट्टी करून पुन्हा तिच्याच घरात जाणार होता. पोलिसानं तिला विचारलं, काय झालं.

"पाय घसरला माझा," ती पुटपुटली.

मी तिला टेबलावर निजवलं आणि बरगडीवर बोट ठेवलं. मोडलेलं हाड बोटाखाली हललं.

"दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही." कपाळावर घाम फुटला होता, आणि डोळे नवऱ्यावर.

खाटेवरून तो विव्हळला, "अहो, गुडघ्याला काहीतरी द्या! जीव चाललाय माझा! माणूस आहे मी, जनावर नाही!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली. पोलिसानं वही मिटायला घेतली.

"एका फटक्यात हा बोंबलला," ती म्हणाली. इतका वेळ 'हे' होता तो. आता 'हा' झाला. "मिटू नका वही. दुखतं मला, डॉक्टरबाई. इथं दुखतं, पोटात दुखतं, लग्न झाल्यापासून दुखतंय. यानं मारलं. लिहा."