कचकड्याची मोटार आणि वांग्याचे वाफे

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझ्याभोवती उभे राहून "किती छान, किती छान" म्हणता आहात. पण तुमच्यातल्या एकाचा हात माझ्या आरशावर आहे, हे मी पाहते आहे. आरसा पक्का बसवलेला आहे. ओढून पाहू नका.

माझा जन्म अमेरिकेतला. शर्यतीच्या मोटारींच्या घराण्यातली मी. दोनच माणसांची जागा, डोक्यावर कापडी छत, रंग सायीचा. माझं अंग पत्र्याचं नाही. काचेचे बारीक धागे राळेत भिजवून ते घडवलेलं आहे. कारखान्यात याचं फार कौतुक होई. मला मात्र तेव्हाच शंका आली होती, की जग पत्रा ओळखतं, मला कोण ओळखणार?

मुंबईच्या एका परदेशी साहेबाकडून मला नांदुऱ्याच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगचे मालक भगवानराव यांनी घेतलं. पहिली दोन वर्षं माझा थाट काय सांगू! मी पेठेतून निघाले की दुकानदार तराजू हातात धरून तसेच थांबत. "विमान आलं बे, विमान!" असं लोक ओरडत. लग्नसराईत मला मागून नेत, पण नवरानवरी बसले की करवलीला जागा उरत नसे आणि भर मांडवात भांडण जुंपे. पुढे रस्त्यातल्या चाकोऱ्यांना माझं पोट घासू लागलं, पाण्याची टाकी गळू लागली. भगवानरावांनी एक उंच जीप घेतली आणि माझी रवानगी जिनिंगच्या मागच्या छपरात झाली.

छपरात माझ्या शेजारी एक मोठी काळी मोटार होती. एका सकाळी लोहार आला आणि तिच्याखालून आस आणि चाकं काढून घेऊन गेला. आठ दिवसांनी तीच चाकं एका बैलगाडीखाली फिरताना दिसली. त्या काळी अशा टायरगाड्या जिकडेतिकडे निघाल्या होत्या. बैलांना ओझं हलकं झालं, शेतकरी खूश झाले, मोटारीला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून हातात पाना घेतलेला माणूस दिसला की माझ्या काळजात धस्स होई.

पाच वर्षांनी असाच एक माणूस माझ्यासमोर उभा राहिला. तो जिनिंगचा फिटर इंद्रभान. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. त्याने माझ्या सीटवर साचलेली रुई दोन्ही हातांनी काढली, वाकून पोटाखाली पाहिलं आणि भगवानरावांना म्हणाला, "मालक, हे गाडी मले द्या. सीझन सरला की घरी नेऊन जित्ती करतो."

"घेऊन जा बाबा, जागा तरी मोकळी होईल," भगवानराव म्हणाले. एवढीच माझी किंमत!

शर्यतीसाठी जन्मलेली मी, इंद्रभानच्या मेहुण्याच्या, सहदेवच्या बैलांमागून रखडत कोसभर गेले. घरामागे विहीर होती आणि विहिरीलगत इंद्रभानची बायको शालूबाई हिचे वांग्याचे वाफे. जिनिंग बंद असलेल्या महिन्यांत घर त्या वांग्यांवरच चालत असे.

इंद्रभानने मला सुटी सुटी केली. प्रत्येक भागाचे नटबोल्ट तो पळसाच्या वेगळ्या द्रोणात ठेवी. द्रोण सत्तावीस होते. मी रोज मोजत असे. माझा क्लच त्याने दोन दिवस शोधला. मला क्लच नाहीच, गिअर आपोआप पडतात. पण त्याची खात्री होती, की जिनिंगमधल्या कोणीतरी तो लांबवला असणार. संशयी माणूस! तेवढ्यापुरता तो मला आवडला.

मडगार्डला तडा गेला होता. लोहार हातोडा घेऊन आला तेव्हा इंद्रभानने माझ्या अंगाला चुंबक लावून दाखवलं. ते खाली पडलं. "आं? हे तं कचकड्याची हाय!" लोहार म्हणाला, आणि गावभर माझं नाव कचकडी पडलं. मग इंद्रभानने मुंबईहून राळ मागवली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्या तीत भिजवून तडा सांधला.

"माह्या लुगड्याची गाडी करून राह्यले का?" शालूबाई कडाडली. "न माह्या घमेल्यात घासलेट कोनं ओतलं?"

इंद्रभान खाली मान घालून माझा पिस्टन पुसत राहिला.

दीड महिन्यात मी पुन्हा जोडले गेले. सगळे द्रोण रिकामे झाले. आता सुरू व्हायचं, एवढंच बाकी होतं. त्याच दिवशी विहिरीवरचं तेलाचं इंजिन मोडलं. त्याचा भाग अकोल्याहून यायला पंधरा दिवस लागणार होते. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. मोट केव्हाच मोडीत निघाली होती. शालूबाई बादलीने पाणी शेंदून रोपांच्या मुळाशी घालू लागली.

सहदेव आला, माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दाजी, इच्यातलं इंजिन काढा न विहिरीवर बसवा. आस न चाकं मले द्या, टायरगाडीले होतीन."

इंद्रभानने दोरी घेतली आणि माझं मागचं चाक मोजलं. मग बायकोला म्हणाला, "इंजिन उद्या विहिरीवर नेतो."

झालं! शेवटी हाही त्यातलाच निघाला. मला चोळलं, पुसलं, सजवलं ते कापण्यासाठी. मी ठरवलं, आता सुरूच व्हायचं नाही. मेलेलं इंजिन घेऊन हा काय करील?

दुसऱ्या दिवशी इंद्रभानने ट्रकची बॅटरी मागून आणली आणि किल्ली फिरवली. मी श्वास रोखून धरला. त्याने प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, तारा पुन्हा जोडल्या. मी ढिम्म. तीन दिवस असं चाललं. तो जेवायलासुद्धा उठत नव्हता आणि मला वाटत होतं, बघा, कापायची किती घाई आहे याला!

तिसऱ्या दुपारी शालूबाई माझ्या सावलीत येऊन बसली. तळहातांना फोड आले होते, एक फुटला होता. तिने तो हात माझ्या मडगार्डवर, त्या सांध्यावर ठेवला.

"काऊन वं बाई, रुसली का?" ती हळूच म्हणाली. "माह्यं लुगडं अंगावर घेतलं तुनं. मंग येवढं पानी तं दे. वांगे मरून राह्यले माह्ये."

तिच्या हाताचा चटका मला लागला. मित्रांनो, मला रडू येत नाही, पण त्या वेळी यावं असं वाटलं. कापली तर कापली, असं म्हणून मी श्वास सोडला. इंद्रभानने किल्ली फिरवली आणि मी गुरगुरत उठले.

त्याने मला कापलं नाही. मला माझ्याच चाकांवर मागे मागे विहिरीपाशी नेलं, एक मागचं चाक जॅकवर उचललं, त्याचं टायर काढलं आणि उघड्या चाकावर जिनिंगमधून आणलेला चामडी पट्टा चढवला. पट्ट्याचं दुसरं टोक पंपाच्या चाकावर. जिनिंगमध्ये सगळी यंत्रं पट्ट्यावरच फिरतात. त्या माणसाला दुसरं काय सुचणार? दोरी पट्ट्याच्या मापासाठी होती. आणि या भागात विहिरीचं पाणी जे ओढतं त्याला इंजिन म्हणतात. इंजिन नेतो म्हणजे तो मला नेणार होता, सगळीच्या सगळी.

पाणी आलं. सहदेव दोन पावलं मागे सरला. शालूबाई फोड आलेले हात पाटात बुडवून बसून राहिली. बारा दिवस मी पाणी ओढलं, टाकी तापली की त्याच विहिरीचं पाणी प्यायले. अकोल्याचा भाग आल्यावर माझं टायर पुन्हा चढलं.

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की लगेच तिचे सुटे भाग मोजू नका. तिची धूळ पुसा, तिला तेल द्या, ती अजून उपयोगी पडेल. हे मी तुम्हाला सांगणारच होते. पण मला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना लाज वाटते. विहिरीपासून लांबचे दोन वाफे वाचले नाहीत. पाणी पोचलं तेव्हा रोपं वाळून काडी झाली होती. माझ्या त्या तीन दिवसांत ती गेली. शालूबाईने ती उपटली, चुलीशी नेऊन टाकली आणि मला एका शब्दानेही बोलली नाही. कचकडी जुनी आहे, वेळ लागायचाच, असंच तिला वाटलं. खरं कारण मला एकटीला ठाऊक आहे, आणि आता तुम्हाला.

माझा संशयी स्वभाव गेलेला नाही. पण इंद्रभान किल्ली फिरवतो तेव्हा मी त्याला ती दुसऱ्यांदा फिरवू देत नाही.