एका पदराची गाठ

एकोणीसशे अठ्ठावन्न साली पनवेलच्या कोळीवाड्यात जमातीची जी बैठक झाली, ती आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण ही हकिकत सांगायची तर घ्यावंच लागेल. बुधाजी. मुंबईच्या गोदीत साखळीखाली त्यांचा उजवा हात सापडला आणि अंगठ्यासकट तीन बोटं गेली. जखम सुकते न सुकते तोच त्यांच्या धाकट्या भावाने, जगनने, बैठकीत विषय काढला. म्हणे दादाला आता जाळं ओढवणार नाही, तर बापाची होडी मला द्या. आणि होडीचं करणार काय होता? मिठाच्या गोणी वाहणार होता! चाळीस वर्षं जिने घरात मासळी आणली, तिच्यात मीठ भरायचं!

जमातीचे पाटील तुळशीराम यांनी निवाडा दिला. "शिमग्यापरत बुदाजीनं होरी चालवून मासली आनून दाखवावी. नाय जमला तर होरी जगनची."

बुधाजी मान खाली घालून बसले होते. मी दाराशी बायकांत उभी होते. जगनचा राग आलाच, पण खरं सांगते, त्याहून जास्त मला नवऱ्याचा आला. हात गेला होता, जीभ तर शाबूत होती ना?

घरी येऊन मी तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैना, वरवंटा दे."

मला वाटलं, डोकं फिरलं. पण गोदीत असताना त्यांनी एका परदेशी जहाजावरच्या खलाशाला लहान होडीतून गळ टाकताना पाहिलं होतं. जाड दोराला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात खोल सोडायचा. गोळ्याच्या वर, त्याच दोराला गळाची दोरी एका सुताने अडकवायची. होडी हळूहळू पुढे न्यायची, म्हणजे आमिष तळाशी राहून मागे ओढलं जातं. मासा लागला की सूत तुटतं, दोरी वजनापासून सुटते आणि मासा सरळ आपल्या हाताशी झुंजतो. जाळं नको, चार माणसं नकोत. शिशाचा गोळा आमच्याकडे कुठला, म्हणून माझा वरवंटा जाळीत बांधला. एका वल्ह्याने होडी रेटणं त्यांना बगलेतून जमत होतं. गाठ मात्र त्या हाताने बसत नव्हती.

"गाठ कोन मारील?" मी विचारलं.

"तू."

आमच्यात बाई मासेमारीच्या होडीत पाय ठेवत नाही. मी ठेवला. काठावरून कुजबुज झाली, ती माझ्या पाठीने ऐकली.

उलव्याच्या बाजूला जिथे खाडी खोल होते तिथे आम्ही बोय मासा गळाला लावून वरवंटा चार वाव, म्हणजे चार पुरुष खाली सोडला. थोड्या वेळात असा हिसका बसला की होडी कलली. मी आनंदाने ओरडले. दोर गदगदा हलला आणि लगेच सैल पडला. वर ओढला तर माझी गाठ जशीच्या तशी आणि गळावर फाटलेल्या ओठाचा तुकडा.

"सूत तुटला नाय," ते म्हणाले. "मासा वरवंट्याशी भांडला नि सुटला."

"तुटेल कसा? जाल्याचा सूत हाय. माज्या बापाच्या घरची गाठ आजवर सुटली नाय!"

"तुजी गाठ लय चांगली हाय. तीच नको हाय."

मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आयुष्यभर पक्की गाठ मारायला शिकायचं आणि आता कच्ची मार म्हणतात! तिसऱ्या दिवशी शिवायचा दोरा घेतला. पण हात माझं ऐकेनात. नकळत त्याला दुहेरी करून वर आणखी एक वेढा घातला. पुन्हा मासा गेला. शिमगा चार दिवसांवर आला होता. रात्री देवापुढे वात लावताना मी तिचं पिळलेलं सूत बघत बसले. सकाळी तसलंच एकपदरी सूत घेतलं. गाठ बसेल इतकीच ओढली, जीव मुठीत धरून.

तिसऱ्या फेरीला हिसका बसला. सूत तुटल्याचं मला बोटांत कळलं. मग दोरी तळहात कापत धावली, मी ती सोडली, ओढली, पुन्हा सोडली. शेवटी जिताडा वर आला, माझ्या कमरेएवढा.

काठावर तुळशीराम पाटील आणि जगन उभेच होते. "बुदाजीनं मारला!" पाटील म्हणाले. माझ्या तळहातातून रक्त येत होतं, ते कुणाला दिसलं नाही. पाटील पुढे म्हणाले, "होरी बुदाजीचीच. पन बाय होरीवर नको. जगन जाईल भावासंगती गाठ माराला."

"जाईल ना," मी म्हणाले. "आधी मारून दाखवू दे."

मी दोरासकट वरवंटा चिखलावर ठेवला आणि जगनच्या हातात सूत दिलं. त्याने दातात धरून गाठ करकचून ओढली. सूत तुटलं. दुसरं दिलं, तेही तुटलं. "सूतच बेकार हाय," तो म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! तिसऱ्या वेळी त्याने सूत चौपदरी केलं. मी गळाची दोरी खेचली, तर वरवंटा चिखलातून उचलला गेला आणि गाठ तशीच. पाटील हसले. मग त्यांनी स्वतः बसून बांधली. तेव्हाही वरवंटाच वर आला, सूत तुटलं नाही. साठ वर्षं समुद्रावर घालवलेला माणूस, कच्ची गाठ मारायला त्याचाही हात धजेना.

एवढं होऊनही "मैनेनं केलं" हे दोन शब्द एकाच्याही तोंडातून निघेनात. मी मनात म्हटलं, आता जर माझा नवरा पुन्हा मान खाली घालून उभा राहिला, तर हा वरवंटा मी खाडीत टाकीन.

बुधाजींनी होडी पाण्यात लोटली. वल्हं बगलेत धरलं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "मासा मैनेनं मारलाय. मी नुसता वल्हव मारला. ये मैना, भरतीचा पानी फिरतंय."

मी वरवंटा उचलून होडीत चढले. आमच्या घरी त्या दिवशी मसाला वाटलाच नाही.