पाण्याला प्रेशर आहे

"माणसानं जगावं कुठंही, पण मरावं कलावंतांच्या वस्तीत!" जिन्याच्या मधल्या वळणावर, कठडा घट्ट धरून अप्पांनी जाहीर केलं.

"आधी वर या," माई वरून म्हणाल्या. "इथेच आटोपलंत तर वळणावरून खाली न्यायला अवघड जाईल."

घर दाखवायला आलेला दलाल दोघांच्या मधल्या पायरीवर उभा होता. आपण हसावं की जिन्याच्या रुंदीबद्दल काही आश्वासक बोलावं, हे न कळून त्यानं नुसत्याच किल्ल्या वाजवल्या.

अप्पा विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, पण मनातून ते चित्रकार होते. आयुष्यभरात त्यांनी एकच होडी काढली, मात्र पुष्कळ वेळा. पाणी बदलायचं, आकाश बदलायचं; होडी तीच, किनाऱ्याला बांधलेली. ती काही केल्या सुटत नाही याचा दोष ते शहराच्या टोकाला असलेल्या आपल्या फ्लॅटला देत. तिथे खिडकीसमोर पार्किंग होतं. स्कूटरींकडे बघत होडी कशी सुटेल, असं ते कोणालाही विचारत.

शहराचा हा जुना मध्यभाग पूर्वी बादल्या, दोरखंड आणि ताडपत्री घ्यायला यायची जागा होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की इथल्या कमानी सुंदर आहेत, आणि बघता बघता कलेचा सुळसुळाट झाला. दोरखंडाच्या गोदामात चित्रं टांगली गेली. दोरखंड टांगलेले असायचे तेव्हा गिऱ्हाईक जास्त यायचं, असं कोपऱ्यावरचा कुलुपवाला सांगे. त्याच्याही दुकानावर 'हस्तकला' अशी पाटी कुणीतरी लावून गेलं होतं. तेव्हापासून लोक त्याचे फोटो काढत, कुलपं मात्र दुसरीकडून घेत.

पेन्शनचं काम आहे असं सांगून अप्पा संध्याकाळी इथे येत. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांत दिवे लागत. कुणीतरी व्हायोलिनवर एकच सूर घासत बसलेलं असे. अप्पा खाली उभे राहून वर बघत राहत, एखादं कुत्रं येऊन त्यांचा पाय हुंगेपर्यंत. मग घरी जात.

आता घर घ्यायचं ठरलं होतं, म्हणजे अप्पांचं ठरलं होतं. राहता फ्लॅट दोघांच्या नावावर होता. तो विकायचा तर माईंनी हो म्हणायला हवं होतं. आणि माई हो म्हणण्यातल्या नव्हत्या. एका घराचं स्वयंपाकघर अंधारं निघालं, दुसऱ्याचा शेजारी बोलका. तिसऱ्या घरात त्यांनी नुसतं "हं" केलं आणि बाहेर पडल्यावर "नाही" म्हटलं. दलालाकडे या वस्तीतलं हे शेवटचंच घर उरलं होतं, आणि ते बघायला संध्याकाळी दुसरी पार्टी येणार होती.

"काकू, भिंत बघा!" आत शिरताच दलालानं भिंतीवर थाप मारली. "जुनं काम. पलीकडे तोफ डागली तरी इकडे कळायचं नाही."

"पलीकडे आहे काय?"

"हॉल आहे. बंदच असतो. आता स्वयंपाकघर बघा."

माई स्वयंपाकघरात गेल्या. अप्पा पुढच्या खोलीत थांबले. इथेच तर ती खिडकी होती, जिच्याखाली ते इतकी वर्षं उभे राहिले होते. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला, खिडकीशी धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. समोरच्या इमारतीला कुणा कलासक्त मालकानं गुलाबी रंग दिला होता. त्यावर आपटून आलेल्या उजेडात कागद गुलाबी, भिंत गुलाबी, आणि खोलीत येणारा प्रत्येक माणूस नुकताच लाजल्यासारखा. अशा उजेडात होडी काढली तर ती लग्नाची दिसली असती.

अप्पांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. दर वेळी माई नको म्हणत आणि ते भांडत. आज नको म्हणायची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि भांडायला कोणी नव्हतं.

आतून माईंचा आवाज येत होता. "ओटा उंच आहे. आणि हे कॅलेंडर एवढ्या वर कोणी लावलंय? तारीख बघायला शिडी घ्यायची का?"

"झरोका आहे मागे, काकू. वाऱ्याला."

"वाऱ्याला झरोका, आणि झरोक्याला कॅलेंडर?"

तेवढ्यात झरोक्यातून एक पुरुषी आवाज खणखणीत म्हणाला, "दार मी लावलं नव्हतं!"

दलालानं चपळाईनं नळ पूर्ण सोडला. "प्रेशर बघा, काकू! पाण्याला प्रेशर आहे!"

पाणी धो धो पडू लागलं. "दार मी लावलं नव्हतं," आवाज पुन्हा म्हणाला, जरा कमी खात्रीनं. थोडा वेळ गेला. "दार... मी लावलं नव्हतं..."

आणि मग अप्पांना माईंचा आवाज ऐकू आला. मोठा नव्हता, पण पाण्यातून आरपार आला.

"तुम्ही कधी ढकलून पाहिलं नाहीत."

अप्पा दचकले. बायकोनं आपल्याला काय सुनावलं आणि आत्ताच का, हे त्यांना कळेना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खोलीत एकच बंद दार होतं, गॅलरीचं. त्यांनी ते ढकललं. फुगलं होतं. खांदा लावून ढकललं तसं ते कुरकुरत उघडलं, आणि अप्पा खांदा चोळत सांगायला आत गेले, "उघडलं बघ."

दलाल तोंड उघडं टाकून उभा होता. माई ओट्याच्या कडेला, भिंतीला एक खांदा लावून, अंग चोरून उभ्या होत्या. अरुंद जागेत वर्षानुवर्षं उभं राहायची सवय असलेला माणूस उभा राहतो तशा. डावा तळहात पुस्तकासारखा पसरलेला. त्यावरून उजव्या हाताचं बोट हळूहळू सरकत होतं.

"तुम्ही कधी ढकलून पाहिलं नाहीत!" पलीकडचा आवाज आता जोशात आला आणि पुढे बोलत सुटला. माईंचे ओठ त्याच्या अर्धा शब्द पुढे हलत होते.

लग्न ठरवताना माईंच्या आईनं सांगितलं होतं, मुलगी नाटकात असते, पण स्टेजवर येत नाही हो, विंगेत उभी राहून वाक्यं पुरवते, प्रॉम्प्टर आहे. या माहितीनं अप्पांच्या घरच्यांना हायसं वाटलं होतं. अप्पांनी त्याचा पुढे विनोद केला. "आमची ही नाटकात होती, फक्त कोणाला दिसली नाही!" हा विनोद सांगताना ते 'फक्त'पाशी अडखळले तर माई हळूच "कोणाला" असा शब्द पुरवत. लग्नाकार्यात समोरच्या माणसाचं नाव आठवेना की माईंचा आवाज कानाशी यायचा. अप्पा याला मध्ये मध्ये बोलणं म्हणत.

"तुला पाठ आहे हे?" त्यांनी विचारलं.

"पाठ कशाला? पुस्तक हातात असायचं. बोटाच्या लक्षात आहे." माईंनी बोट न थांबवता सांगितलं. "इथे सगळेच अडतात. या वाक्यानंतर पुढचं येतच नाही कुणाला."

"त्याला कळलं का, तू सांगितलंस ते?"

"छे. त्याला वाटलं, त्यालाच आठवलं. तसंच वाटायला पाहिजे."

दलालाचा आता धीर सुटला. "काकू, रोज नसतं हो! आठवड्यातून फार तर दोनदा तालीम."

"रोज नाही?" माईंनी मान वर केली.

"नाही, शपथ! आणि तुम्ही म्हणत असाल तर मी बोलतो त्यांच्याशी. जागाच बदलायला लावतो."

"खबरदार," माई म्हणाल्या.

त्यांनी इतक्या घरांत इतक्या वेळा नाही म्हटलं होतं, पण असा आवाज अप्पांनी ऐकला नव्हता. माईंनी लगेच पदर सारखा केला आणि ओट्याकडे बघत म्हटलं, "तशी ओट्याची उंची काही फार नाही. पण घर तुमच्या चित्रांसाठी बघतोय. प्रकाश कसा आहे?"

अप्पांनी खिशातला कागद हातानं चाचपला.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

"मघाशी मला सगळं गुलाबी दिसलं."

"होडी संध्याकाळची काढीन. घेऊ या हे घर."

माईंचं बोट तळहातावर एका ओळीशी थांबून राहिलं.

पलीकडचं बोलणं अचानक थांबलं. भिंतीवर टकटक झाली. कॅलेंडर हललं आणि झरोक्यातून तोच आवाज आला, आता नाटकी नाही, साधा.

"पलीकडे कोणी आहे का?"

अप्पांनी छाती भरून श्वास घेतला. इतकी वर्षं सांगितलेला विनोद एकदाचा दुरुस्त करायची वेळ आली होती.

"आहे!" ते भिंतीला म्हणाले. "इथे..."

पुढचा शब्द अडला. त्यांनी सवयीनं माईंकडे पाहिलं. माई त्यांच्याकडेच बघत होत्या, ओठ मिटून.

"बरं झालं," झरोका म्हणाला. "मग तो नळ तेवढा बंद करा ना."