मोती अडले कशाने?

औषधी गोळ्यांच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद, आणि झाडून सगळे कामगार हात जोडून उभे! समोर टेबलावर काचेचं नरसाळं, त्यामागे महाराज. महाराजांचे डोळे अर्धवट मिटलेले. उरलेल्या अर्ध्यांनी ते मालकाकडे बघत होते.

"हे सत्यमोती!" महाराज गरजले. "खरा माणूस आला की धावतील, पापी आला की थिजतील. हात लावाल तर हात झडेल!"

झडेल म्हणे! भानगड एवढीच, की सुकवणीच्या खोलीतले पंखे कोणीतरी बंद ठेवले आणि तेलाच्या मऊ गोळ्यांचा अख्खा घाणा चिकटून वाया गेला. गुन्हेगार शोधायला मुकादमाने हे ध्यान आणलं होतं.

एकेक जण पुढे जाऊ लागला. तिथेच कामाला असलेल्या दोघी जावांपैकी धाकटीचा नंबर आला. महाराजांनी शालीखालून डावभर ओले पांढरे मोती काढून नरसाळ्यात ओतले. सुळकन उतरले. मग तिची थोरली जाऊ पुढे झाली. पुन्हा शालीखालून डाव, तसेच मोती. चार-पाच पडले आणि ठप्प!

"हीच ती!" मुकादम ओरडला. "काढा हिला!"

थोरलीचा नवरा तिथेच पॅकिंगवर होता. खाली मान घालून म्हणाला, "आता घरीही येऊ नकोस."

नवी नवरी असताना धाकटी तापाने फणफणली, तेव्हा हीच जाऊ रात्रंदिवस उशाशी बसली होती. तरी क्षणभर तिच्याही मनात आलं, केलं असेल का हिने? स्वतःचीच लाज वाटून तिने नजर नरसाळ्याकडे वळवली, आणि चमकली. तोंडाशी मोत्यांची कमान झाली होती. असली कमान ती रोज बघायची! ताज्या मऊ गोळ्या हॉपरमधून, म्हणजे यंत्रावरच्या मोठ्या नरसाळ्यातून, मुकाट उतरत. सुकून कडक झाल्या की तोंडाशी अडत आणि मग हॉपर ठोकावा लागे.

तिने नरसाळ्याला टिचकी मारली. मोती भराभर खाली.

"अगंबाई, पाप पळालं वाटतं!" ती म्हणाली.

महाराज शाल सावरेपर्यंत तिने ती ओढली. खाली दोन वाडगे! एकातले मोती चिमटीत दबत होते, दुसऱ्यातले गोट्यांसारखे टणक.

"माझा हात झडला का हो महाराज? मऊ मोती दबून एकमेकांना वाट देतात, कडक एकमेकांना टेकू देऊन अडून बसतात. यात पाप कुठलं आलं? या मुकादमसाहेब, तुमचंही सत्य बघू." तिने कडक मोती ओतले. ठप्प!

मालक थंडपणे म्हणाला, "मुकादम, सुकवणीच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

मुकादमाने खिसा दाबून धरला. किल्ली त्याच्याच खिशात असायची. पंखे लावायचे सोडून तो झोपला होता, आणि ते झाकायला त्याने नेहमी उलट बोलणारी थोरली निवडली होती.

"तुलाही खरं वाटलं होतं ना गं?" थोरलीने विचारलं.

"हो, जाऊबाई. क्षणभर." धाकटी रडायलाच लागली.

रोज हॉपर ठोकणारी शहाणी माणसं ही! शाल बघितली आणि अक्कल गहाण टाकली. अरे, विचारा, हात लावा, तपासा. तपासल्याने कोणाचं काही झडत नाही. न तपासल्याने मात्र एक बाई रस्त्यावर येत होती.

नवरा पुढे झाला. "चल, घरी चल."

"विचार करून सांगते," थोरली म्हणाली. "तुम्हीही करत जा."