विष निघालं, बाळा

सकाळच्या पारी पाच-पन्नास माणसं स्वतःचीच लघवी बाटलीत घेऊन रांगेत उभी आहेत, असं दृश्य तुम्ही पाहिलं नसेल. नसेल पाहिलं तर बरंच आहे. जुन्या गोदामासमोरच्या त्या रांगेत मात्र कुणाला लाज म्हणून नव्हती. सरबताच्या, तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, आणि प्रत्येकीत लालभडक ऐवज. लोक त्या उजेडात धरून एकमेकांना दाखवत होते.

"तुमचा रंग जरा जास्तच गडद आहे हो, काका."

"असणारच. वीस वर्षांचा संधिवात आहे, चेष्टा नाही."

आत उंच खुर्चीवर निर्मळआई बसलेल्या. बाटली हातात घ्यायची, डोळे मिटायचे आणि गोड आवाजात म्हणायचं, "विष निघालं, बाळा. अजून थोडं राहिलंय." हे थोडं कधी संपत नसे, त्यामुळे काढ्याची पुढची बाटली विकत घ्यावीच लागे. कंबर, गुडघा, मूळव्याध, पोरीचं न जुळणारं लग्न, सगळ्यांवर एकच काढा. काळाकुट्ट, कडूजहर. पण प्यायल्यावर दोन-तीन तासांत लाल धार हमखास. डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर आणखी काय हवं?

खिडकीताईला या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. इस्पितळात ज्या खिडकीवर गरिबांना औषधं फुकट किंवा कमी दरात मिळत, तिथे ती बसायची. कंपन्यांच्या मागे लागायचं, दानशूरांना भंडावून सोडायचं, साहेबांच्या सह्या आणायच्या आणि बंद मुठीत चार गोळ्या घेऊन गरिबाच्या हातावर ठेवायच्या, हे तिचं काम. तोंडाची फटकळ. औषध देईल, पण दोन शब्द ऐकवल्याशिवाय नाही.

क्षयाच्या रोग्यांवर तिचा विशेष डोळा. त्यांच्या पाकिटात रोजच्या दोन पांढऱ्या गोळ्या आणि एक लाल कॅप्सूल असे. ती कॅप्सूल पोटात गेली की लघवी लाल होते, हा औषधाचाच गुण. म्हणून ताई दर आठवड्याला प्रत्येकाला विचारायची, "रंग?" जो लाल म्हणेल आणि तपासणीत लाल दाखवेल, त्याने औषध घेतलं. "माझ्या खिडकीला कुणी गंडवून दाखवावं," असं ती चारचौघांत छाती ठोकून सांगायची.

खिडकीवरच्या क्षयरोग्यांच्या रांगेत तिचा धाकटा भाऊही असायचा. गाद्या शिवायचा, कापूस पिंजायचा. रंग विचारला की म्हणायचा, "लाल, ताई," आणि तो खरंच लाल असायचा. पण गालफडं बसत चालली होती, खोकला हटत नव्हता. ताई त्याच्यावरच तोंडसुख घ्यायची. "चोरून विड्या ओढत असशील. औषध काय जादू करणार आहे?"

तो नुसता हसायचा. धाकट्यांना मोठ्या बहिणीची बोलणी खायची सवयच असते.

मग एके दिवशी ताईच्या सासूबाई बाटली मिरवत घरात आल्या. सासूबाई म्हणजे ठणठणीत बाई, सर्दीदेखील घाबरून लांबून जाईल अशी. फक्त गुडघा कुरकुरायचा.

"बघ. तू हसत होतीस ना? बघ किती विष निघालं ते."

ताई हसलीच. बाटली उजेडात धरली, आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं. हा रंग ती रोज बघत होती. बीट खाल्ल्याचा हा रंग नव्हे, रक्ताचा नव्हे.

"सासूबाई, काढ्याखेरीज काही घेतलंत? लाल कॅप्सूल वगैरे?"

"मला काय रोग झालाय कॅप्सूल खायला?"

कॅप्सूल काढ्यात आहे, हे कळायला ताईला वेळ लागला नाही. ती दुकानात सहज मिळत नव्हती. ढिगाने जात होती ती तिच्याच खिडकीतून. मग पुढचं तिच्या ध्यानात आलं. ज्याच्या पोटात कॅप्सूल जात नाही, पण काढा जातो, त्याचाही रंग लालच येणार.

ती तशीच भावाच्या घरी गेली. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. पायाशी रुमाल, रुमालावर रक्त.

"औषधाचं पाकीट दाखव."

भावाने बायकोकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "ते निर्मळआईंकडे असतं, ताई. दर आठवड्याला नेऊन देतो. फुकटच्या औषधाला देणाऱ्याची कीव चिकटलेली असते, तसंच घेतलं तर अंगी लागत नाही. आई ते शुद्ध करून काढ्यात देतात."

"आणि काढा विकत घेता?"

"विकतचं असलं की गुण येतो," वहिनी समजावणीच्या सुरात म्हणाली. "आणि येतोय की. तुम्हीच तर दर वेळी रंग बघून बरोबर आहे म्हणता."

चारचौघांत मिरवलेली ती तपासणीच तिच्या भावाला खाऊन बसली होती.

छातीच्या डॉक्टरांनी थुंकी तपासून घेतली आणि आडपडदा ठेवला नाही. "त्या काढ्यातून याला एकाच औषधाचा चिमूटभर अंश मिळत होता. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, पक्के होतात. आता ही औषधं त्यांना काही करणार नाहीत. दुसरी आहेत, फार महाग. फुकट मिळवायला वेळ लागेल. तेवढा वेळ याच्या फुप्फुसांत आहे का, ते सांगता येत नाही."

ताईने त्या महागड्या औषधांसाठी अर्ज केले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन थेट गोदाम गाठलं. गर्दीसमोर डॉक्टरांनी खिशातून लाल कॅप्सूल काढली, सगळ्यांना दाखवली आणि गिळली. "मला काही रोग नाही. काढाही प्यायलो नाही. थांबा आता."

लोक थांबले. तमाशा फुकट असला की कुणाला घाई नसते. दोन-तीन तासांनी डॉक्टर आडोशाला जाऊन आले आणि त्यांनी बाटली वर धरली. लाल.

निर्मळआईंनी डोळे मिटले, उघडले आणि मायेने म्हणाल्या, "बघा लेकरांनो. डॉक्टरांच्या अंगातसुद्धा केवढं विष."

हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. कुणीतरी डॉक्टरांना काढ्याची बाटली देऊ केली. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. लोकांसमोर पुरावा ठेवला की काम झालं, असं त्यांना कॉलेजात शिकवलं असावं.

ताई मात्र पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "आई, तुमच्या अंगात विष आहे का?"

"आमचा देह निर्मळ आहे, पोरी."

"मग तुम्ही काढा प्यायलात तर रंग येणार नाही."

"येणार नाहीच."

"प्या तर."

आई हसल्या, पण समोरच्या काढ्याच्या पेल्याकडे हात गेला नाही. तेव्हा सासूबाईच भक्तिभावाने उठल्या. "प्या हो आई. या सुनेचं तोंड एकदाचं बंद होऊ दे." मागून गर्दीनेही आग्रह धरला. भक्तांचा आग्रह मोठा वाईट, मोडता येत नाही. आईंना पेला रिकामा करावा लागला.

दोन-तीन तासांनी त्या मागच्या खोलीत गेल्या. त्यांच्या चेल्याने बाटली आणून दाखवली. स्वच्छ, नितळ. लोक हात जोडणार, तेवढ्यात सासूबाईंनी ती हातात घेतली आणि नाकाशी नेली. सात पोरांची दुपटी धुतलेली बाई ती.

"हे नळाचं पाणी आहे," त्या म्हणाल्या, आणि चेल्याला ढकलून आत घुसल्या. त्यांच्यामागे लोक घुसले. कोपऱ्यातल्या भांड्यातली लघवी लाल होती. शेजारी पोत्यात कॅप्सूलची उघडून फेकलेली टरफलं, वर इस्पितळाची पाकिटं, आणि मोरीत पांढऱ्या गोळ्यांचा चिखल झालेला. क्षयाच्या रोग्यांकडून औषध काढून घ्यायचं, त्यातली लाल भुकटी काढ्यात ढवळायची आणि गावभर विकायची. चमत्कार तो एवढाच.

लोकांनी चेल्याला बडवलं, बाटल्या फोडल्या, आईंना पोलीस घेऊन गेले. नंतर बरेच जण खिडकीशी आले, पण औषधाला नाही. काढ्याचे पैसे इस्पितळ परत देणार का, ते विचारायला. संधिवातवाले काका तर चिडलेच होते. त्यांना म्हणे काढ्याने बरं वाटत होतं.

भाऊ वाचला नाही. नवं औषध मंजूर झालं, फुकट, सगळ्या कोर्सचं, आणि तो गेल्यावर आलं. खोकं परत पाठवावं लागलं नाही. तेवढ्यात भावाच्या पोरीच्या थुंकीत तेच पक्के झालेले जंतू सापडले.

वहिनी पोरीला घेऊन खिडकीशी आली. डोळे सुजलेले.

"हे घेतलं की रंग येतो का?"

"नाही. काहीही दिसणार नाही. उलट्या होतील, पोरगी रडेल, तुला नको नको ते बोलेल."

"मग गुण येतोय हे कळायचं कसं?"

"दर महिन्याला थुंकी तपासायची." ताई पुढे वाकली. आवाज तिखटच होता. "आणि हे बघ, मी म्हणते म्हणून विश्वास ठेवू नकोस. मीही रंगाला भुलले आणि भाऊ घालवला. विचार. गोळीत काय आहे, ती काय करते, गुण आला हे कशावरून. मला विचार, डॉक्टरांना विचार. फुकटचं की विकतचं ते बघू नकोस. जो उत्तर देतो आणि तपासू देतो, त्याचं औषध घे. जो विचारूच देत नाही, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नको."

वहिनी बराच वेळ पाकीट उलटसुलट करत राहिली. मागे रांग खोळंबली होती.

"या पिवळ्या गोळीत काय आहे?" तिने विचारलं.

ताईने सांगितलं. वहिनीने दुसरीचं विचारलं, मग तिसरीचं. रांगेतला एकजण कुरकुरला, त्याला ताईने गप्प बसवलं. सगळं विचारून झाल्यावर वहिनीने पाण्याचा पेला घेतला आणि पोरीला म्हणाली, "तोंड उघड."