भोंगाबाईचे कानातले

गल्लीत तिला सगळे भोंगाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिलाही त्याचं काही वाटत नसे. उभा जन्म यंत्रमागाच्या शेडमध्ये गेला होता. दिवसभर त्या खटाखटीत राहून घरी आली की तिचा साधा आवाजही चार घरं ओलांडून जायचा. नवरा म्हणायचा, "अगं, जरा हळू बोल." ती म्हणायची, "हळूच तर बोलतेय!" आणि भिंतीपलीकडून शेजारीण म्हणायची, "हो, ऐकलं!"

अशा या भोंगाबाईने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मला कानातले हवेत."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. लेकीच्या लग्नानंतर सोनाराच्या दुकानावरून जाताना तो मान खाली घालून चालत असे. ते लक्षात येऊन भोंगाबाई हसत सुटली. "सोन्याचे नव्हेत हो! मोबाइलचे. ते बिनवायरचे असतात ना, ते."

कारण तसंच होतं. लेक बाळंतीण व्हायची होती, दूरच्या शहरात, सासरी. बाळ झालं की भोंगाबाई जाणारच होती आणि तेवढ्यासाठीच तिने रजा जपून ठेवली होती. पण बाळ काही आधी कळवून येत नाही. ते नेमकं आपण मागावर असताना येणार, विहीणबाई तिथे दारात उभ्या राहून त्याचा आवाज ऐकणार, आणि आपल्याला मात्र संध्याकाळी घरी आल्यावर शिळी बातमी मिळणार, हे तिच्या मनाला फार लागत होतं. "नातवंडाचा आवाज मी त्याच घटकेला ऐकणार," तिने जावयाला बजावलं होतं, "मला ताबडतोब फोन करायचा."

जावई गुणी होता, हो म्हणाला. अडचण शेडची होती. तिथे फोन वाजला तरी ऐकू येत नसे आणि खिशात थरथरला तरी कळत नसे, कारण तिथली जमीनच थरथरायची. वायरचे इअरफोन घालायला मुकादमाने साफ मनाई केली होती. लोंबती वायर मागात गेली तर कानासकट जाईल, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. बिनवायरच्यांना मात्र तो "बघू" म्हणाला होता. मुकादमाचं "बघू" म्हणजे होच.

सुदैवाने दिराचं मोबाइलचं दुकान होतं. "भाऊजी," ती दुकानात शिरत म्हणाली तशी दोन गिऱ्हाइकं दचकली, "स्वस्तातले द्या, पण रोज वापरता येतील असे. दिखाऊ काही नको."

दिराला इअरबड्समधलं फार कळत होतं, निदान त्याला तरी तसं वाटत होतं. त्याने पहिली जोडी दिली ती चकचकीत होती. तुटलेला धागा सांधायला भोंगाबाई वाकली आणि उजवा बड कानातून निसटून थेट कापडावर पडला. आणखी वीतभर सरकला असता तर विणूनच निघाला असता. दुसरी जोडी कानात घट्ट बसली, पण तिला स्पर्श फार कळायचा. घाम पुसायला हात वर केला की फोन कट. शेडमध्ये घाम पुसायचा नाही तर काय करायचं? तिसरी जोडी मात्र मनासारखी निघाली. रबराचं टोक कानात असं बसलं की रोजचे कापसाचे बोळे घालायची गरज उरली नाही. चार्जिंग पाळीभर पुरलं, हवेत उडणाऱ्या कापसाच्या तंतूंनाही ती पुरून उरली.

घरी चाचणी झाली. लेक तिकडून म्हणाली, "आई, फोन टेबलावर ठेवलाय, तरी स्पष्ट ऐकू येतंय."

"ते तर बड्स न घालताही आलं असतं," नवरा पुटपुटला.

पण शेडमधून फोन केला की सगळं मुसळ केरात. लेकीचा शब्द न् शब्द भोंगाबाईच्या कानात पोचायचा आणि भोंगाबाईचं अवाक्षर लेकीपर्यंत जायचं नाही. नुसती खटाखट. लेक "आई? आई?" करून थकायची आणि फोन ठेवायची.

"माइकची भानगड आहे," दीर म्हणाला. "वहिनी, स्वस्तातल्या माइकला गोंगाट कुठला न् माणूस कुठला हे कळत नाही. गोंगाट कापायला जातो आणि माणसालाच कापतो." त्याने तीच जोडी बदलून दुसरी दिली, मग दुसऱ्या कंपनीची, मग तिसऱ्या. घरी सगळ्या पास, शेडमध्ये सगळ्या नापास. कंपनीच्या माणसाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. इकडे लेकीचे दिवस भरत आले. शेडमध्ये जो तो विचारू लागला, "बाळ आलं का?" आणि भोंगाबाईच्या जिवाला घोर लागला. आपलं उत्तर गेलं नाही की जावई फोन ठेवणार, मग कानात असले काय न् नसले काय!

शेवटी दीर इरेला पेटला आणि मुकादमाची परवानगी काढून स्वतःच शेडमध्ये आला. भोंगाबाई आपल्या मागावर उभी. त्याने हातातल्या फोनवरून तिला फोन लावला. समोर ती बोलताना दिसत होती, चांगली मान हलवून, भुवया उडवून बोलत होती. फोनमध्ये मात्र खटाखट. तो जवळ गेला. आणखी जवळ गेला. शेवटी त्याने आपला कान तिच्या तोंडाशी नेला आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

वहिनीच्या तोंडातून आवाजच येत नव्हता.

"वहिनी, आवाज काढा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"काढतेच आहे!" वहिनी म्हणाली, नुसत्या ओठांनी.

शेडची रीतच ती होती. त्या गदारोळात घसा फोडून काय मिळणार? तिथे सगळे ओठांनी बोलत. लांबच्या मागावरून भाजीचा बेत कळायचा, भांडणं व्हायची, समेट व्हायचा, आणि तोंडातून हूं की चूं निघायचं नाही. शेडमध्ये पाऊल टाकलं की आवाज आपोआप बंद व्हायचा आणि आपण तो बंद केलाय हे कोणाच्या गावीही नसायचं. फक्त म आणि ब ओठांवर सारखेच दिसायचे, आणि ल आणि ळही. एकदा कोणाचे तरी मामा यायचे होते, तर सगळ्यांनी बाबा आले म्हणून चहा ठेवला होता.

दिराने कपाळावर हात मारला. माइक बिचारे सगळे निर्दोष होते. कंपनीच्या माणसाची माफी मागायला तो गेला तेव्हा त्याला कारण सांगवेना. "वहिनीचा आवाज बंद होता," एवढंच तो म्हणाला. भोंगाबाईला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं म्हणून बरं.

आता शेडमध्ये आवाज काढायचा सराव सुरू झाला. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. भोंगाबाई तोंड उघडायची, ओठ हलायचे, आवाज मात्र घशाशीच अडायचा. चारचौघांत गाणं म्हणायला उभं केल्यासारखी तिला लाज वाटायची. शेजारच्या मागावर ताडमाड होती. उंचीमुळे तिला हे नाव पडलं होतं. ती ओठांनीच म्हणायची, "अगं, गल्ली उठवतेस, इथे काय झालं?" भोंगाबाई ओठांनीच उत्तर द्यायची, "गप गं!"

आणि फोन आला तो ऐन कामात.

"आई, मुलगी झाली! दोघी छान आहेत," कानात जावयाचा आवाज आला.  भोंगाबाईने मागाच्या चौकटीला घट्ट धरलं. "आता आणतायत बाहेर. फोन स्पीकरवर ठेवतो. आई? ऐकताय ना?"

ऐकतेय, बाबा, ऐकतेय, भोंगाबाई म्हणाली. ओठांनी.

"आई? आवाज येत नाहीये."

मागून विहीणबाई बोलल्या, "अरे, त्या कामात असतील. ठेव तू. संध्याकाळी सावकाश कर. आणलंत? द्या, नर्सबाई, बाळाला माझ्याकडे द्या."

"ठेवतो मग, आई."

आत्ता गेलं ते गेलं, भोंगाबाईला कळलं. इतक्या दिवसांची धडपड, दिराची भांडणं, सगळं पाण्यात. तिच्या पोटातून काहीतरी वर उसळलं आणि घशातला अडसर घेऊनच बाहेर पडलं.

"ठेवू नकाऽऽ!"

 पलीकडे दचकलेल्या बाळाने जो सूर लावला! बारीक, तापट, दमदार. सगळे माग खटखटत होते आणि त्या सगळ्यांच्या वर तो एवढासा आवाज भोंगाबाईच्या कानात नाचत होता.

"आजीवर गेलीय हो!" विहीणबाई हसत म्हणाल्या.

भोंगाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. असा आनंद तिला लेकीच्या जन्मालाही झाला नव्हता, तेव्हा ती फार दमली होती. तिने ताडमाडकडे वळून ओठांनी सांगितलं, "बाळ आलं!" ताडमाडने पुढच्या मागावर सांगितलं, तिथून त्याच्या पुढच्या. बातमी ओठांवरून ओठांवर धावत शेडच्या पार टोकाला पोचली. तिथे हमालांनी गोदामाचं मोठं दार धडाधड उघडलं, दोघे हातगाडी घेऊन धावले, आणि मुकादम तणतणत भोंगाबाईसमोर येऊन उभा राहिला. त्याने तिचा माग बंद केला आणि ओरडला, "माल आला म्हणे! कसला माल? मला कोणी सांगितलं का नाही?"

भोंगाबाईने खोल श्वास घेतला. आता घसा मोकळा झाला होता.

"माल नव्हे हो, बाळ! बाळ आलंय! बाऽऽळ!"

त्या दिवशी शेडमध्ये पहिल्यांदाच ती सगळ्यांना ऐकू गेली. आणि फोन अजून चालूच होता. तिच्या कानात विहीणबाई कळवळून म्हणाल्या, "कळलं हो, विहीणबाई, बाळच आहे! आत्ता कुठे झोपलं होतं ते!"